चार इंचांची पोकळी

१९३१ साली अमेरिकेतल्या एका रेल्वेविषयक नियतकालिकात एक तुलना छापून आली होती. डबाबंद खाद्यपदार्थांचे तेरा हजार खोके भरलेली मालगाडीची एक वाघीण. खोके सुटे असले तर ती रिकामी करायला तीन दिवस. तेवढाच माल लाकडी पॅलेटांवर रचून आला तर चार तास. दिवस आठ तासांचा धरला तर सरळ सहापट फरक. मी पोटासाठी गोदामांचं सॉफ्टवेअर लिहितो. सहा टक्के सुधारणा झाली तरी आमच्याकडे केक कापतात. त्यामुळे हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा साहजिकच मनात आलं, की तेव्हा असं कोणतं यंत्र आलं होतं?

यंत्र तर आलंच होतं. पण ही सगळी करामत एकट्या यंत्राची नव्हती. निम्म्याहून जास्त श्रेय त्या खोक्यांच्या खालच्या लाकडी चौकटीला होतं. आणि त्या चौकटीतही लाकडापेक्षा लाकूड जिथे नाही त्या जागेला. युरोपात आज सर्रास चालणारं १२०० बाय ८०० मिलिमीटरचं पॅलेट घ्या. अकरा फळ्या, नऊ ठोकळे, अठ्ठ्याहत्तर खिळे. उंची १४४ मिलिमीटर. त्यातली सर्वांत वरची फळी २२ मिलिमीटर, तिच्याखालची आडवी फळी २२. म्हणजे जमिनीपासून त्या आडव्या फळीपर्यंत उरतात १००. चार इंच. त्या चार इंचांत फोर्कलिफ्टचे दोन काटे शिरतात. फोर्कलिफ्टच्या इतिहासाबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं, ते बहुतेक काट्यांबद्दल असतं. मला वाटतं, खरी गोष्ट पोकळीची आहे.

पॅलेटच्या आधी माल कसा असायचा ते आठवून पाहा. पोतं, पिंप, गासडी, टोपली, पेटी. यांतली प्रत्येक वस्तू माणसाच्या शरीराच्या मापाची आहे. पोतं पाठीवर बसतं, कारण ते मऊ असतं आणि मानेच्या खळग्याचा आकार घेतं. पिंपाचं पोट फुगीर असतं ते दिसायला बरं म्हणून नव्हे. तसं पिंप जमिनीला थोड्याच जागी टेकतं आणि दीडदोनशे किलो वजन एकटा माणूस गडगडवत, वळवत नेऊ शकतो. टोपली डोक्यावरच्या चुंबळीवर ठरते. गासडीत आकडा रुततो. हमालाच्या हातातल्या त्या लोखंडी हुकाला आणि कागदावरच्या अंकाला मराठीत एकच शब्द आहे, आकडा. दोन्हींनी पोट भरणारी माणसं मला आमच्या एकाच घरात पाहायला मिळाली, पण त्याकडे नंतर येतो.

यंत्राची सुरुवात मात्र अगदी साधी आहे. १९०६ साली पेनसिल्व्हेनिया रेलरोड या कंपनीने अल्टूना स्थानकावर प्रवाशांचं सामान वाहायला बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. त्या काही उचलत नव्हत्या, नुसत्या वाहून न्यायच्या. मग पहिलं महायुद्ध आलं. तरुण खंदकांत गेले, कारखान्यांत माणसं पुरेनात, आणि माल हलवणाऱ्या छोट्या गाड्यांची गरज एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी भासू लागली. मिशिगन राज्यातल्या ब्युकॅनन या लहान गावात क्लार्क नावाची कंपनी गाड्यांचे आस वगैरे बनवत असे. १९१७ मध्ये त्यांनी कारखान्यातल्या कारखान्यात, या विभागातून त्या विभागात जड माल न्यायला एक तीनचाकी गाडी बनवली आणि तिला 'ट्रकट्रॅक्टर' असं जिभेला पीळ पाडणारं नाव दिलं. ती विकायची म्हणून बनवलेलीच नव्हती. कारखाना बघायला येणारे लोक 'ही आम्हालाही द्या' म्हणू लागले तेव्हा ती विकायला काढली. (आमच्या क्षेत्रातही बऱ्याच चांगल्या गोष्टी अशाच जन्मल्या आहेत. स्वतःची डोकेदुखी कमी करायला लिहिलेलं काहीतरी, आणि मग शेजारचा म्हणतो मलाही हवं.) १९२३ च्या सुमारास येल कंपनीने पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या विजेच्या गाडीला पुढे काटे होते, आणि ते वर नेणारा खांब, म्हणजे मास्ट, गाडीच्या स्वतःच्या उंचीपेक्षा वर जात होता. आज आपण ज्याला फोर्कलिफ्ट म्हणतो त्याची रूपरेषा इथे दिसते.

पण काटे आले तरी ते घालायचे कुठे? पोत्याखाली लोखंडी काटा घातला तर पोतं फाटेल. म्हणून आधी 'स्किड' होतं, म्हणजे चार पायांचा किंवा दोन पट्ट्यांचा लाकडी पाट. त्याच्याखाली गाडी शिरायची, उचलायची. अडचण अशी, की स्किडवर दुसरं स्किड ठेवलं की वरच्याचे पाय खालच्या मालात घुसायचे. मग कुणीतरी त्या पाटाच्या खालूनही फळ्या ठोकल्या. झालं एवढंच. खालून फळ्या आल्यामुळे भार पसरला आणि एकावर एक थप्पी लावता येऊ लागली. गोदामाला पहिल्यांदा उंची मिळाली. १९३९ मध्ये जॉर्ज रेमंड आणि बिल हाउस यांना पॅलेटचं आणि ते हाताने ओढायच्या हायड्रॉलिक गाडीचं पेटंट मिळालं. ती हातगाडी आज भिवंडीच्या प्रत्येक गोदामात आहे. तिला तिथे 'एचपीटी' म्हणतात, आणि दांडा चारपाच वेळा खालीवर मारून दोन टन वजन जमिनीपासून सुटतं हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला अजूनही थोडी जादूच वाटते.

आता यंत्राच्या पोटात थोडं डोकावू. फोर्कलिफ्टचे इतके प्रकार का, हे पाठ करून कळत नाही, एका सी-सॉवरून कळतं. पुढे काट्यांवर भार, मागे लोखंडाचा ठोकळा, आणि मधला टेकू म्हणजे पुढची चाकं. हा 'काउंटरबॅलन्स' प्रकार, लहान मुलाला फोर्कलिफ्टचं चित्र काढायला सांगितलं तर तो काढेल तोच. विजेवरच्या गाडीत मागचं वजन म्हणून बॅटरीच कामी येते. जी गोष्ट कारमध्ये नकोशी जड असते, ती इथे हवीहवीशी जड.

समजा गाडीवर १५०० किलो क्षमता लिहिली आहे. त्या पाटीवर शेजारीच आणखी एक आकडा असतो, बहुधा ५०० मिलिमीटर, आणि लोक तो वाचत नाहीत. भाराचा मध्य काट्यांच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असेल तरच १५०० किलो. उदाहरणापुरतं धरू, की चाकाच्या आसापासून काट्याचं मूळ ४०० मिलिमीटर पुढे आहे. म्हणजे भाराची भुजा ९०० झाली. आता माल लांबट आहे आणि त्याचा मध्य ७०० वर गेला, तर भुजा ११००. सी-सॉ तोच, त्यामुळे क्षमता उरली १५०० गुणिले ९०० भागिले ११००, साधारण १२२७ किलो. पावणेतीनशे किलो नुसते अंतराने खाल्ले. शिवाय ही गाडी दिसायला चार चाकांची असली तरी उभी तीन बिंदूंवर असते, कारण मागचा आस मध्यावर एका खुंटीवर डुलतो. गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाच्या आत असेपर्यंत ठीक. भार वर घेऊन वळलं, की तो मध्य त्रिकोणाच्या कडेला सरकतो. वळतातही मागची चाकं, त्यामुळे शेपूट बाहेर फेकली जाते आणि शेजारी उभ्या माणसाला ती कारच्या सवयीने कळत नाही. गाडी कलंडू लागली तर चालकाने बाहेर उडी मारायची नाही, आत बसून स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि कलण्याच्या विरुद्ध बाजूला झुकायचं, असं शिकवतात. उडी मारणाऱ्यावर वरचं छतच येऊन पडतं. शरीराची उपजत बुद्धी सांगते त्याच्या बरोबर उलट. जर्मनीत २००० साली 'श्टापलरफारर क्लाउस' नावाचा एक लघुपट निघाला. सुरक्षा-प्रशिक्षणाच्या फिल्मचा आव आणत सुरू होतो आणि पहिल्याच दिवशी नव्या चालकाच्या हातून रक्ताचे पाट वाहतात. जेवताना बघू नये.

या सी-सॉची किंमत जागेत मोजावी लागते. भार पुढे, ठोकळा मागे, म्हणजे गाडी लांब. लांब गाडीला रॅकसमोर काटकोनात वळायला साडेतीन ते चार मीटरची गल्ली लागते. गोदामात गल्ली म्हणजे भाडं भरून रिकामी ठेवलेली जमीन. मग १९५० च्या दशकात 'रीच ट्रक' आले. पुढे दोन पाय, त्यांच्यामध्ये मास्ट पुढेमागे सरकतो. हात लांब करून माल घ्यायचा आणि स्वतःच्या पायांच्या मध्ये ओढून धरायचा, जड बादली आपण पोटाजवळ धरतो तशी. भार टेकूच्या आत आला, मागचा ठोकळा कमी झाला, गल्ली तीन मीटरच्या आत आली. त्याहून पुढे 'व्हीएनए'. ही गाडी गल्लीत वळतच नाही, फक्त तिचे काटे डावीउजवीकडे वळतात. गल्ली पावणेदोन मीटरवर येते, पण जमीन आरशासारखी सपाट लागते. तळाशी दोन मिलिमीटर कल असेल तर दहा मीटर उंचीवर त्याचे काही सेंटिमीटर होतात. आणि 'ऑर्डर पिकर' मालाऐवजी माणसालाच वर नेतो. पूर्ण पॅलेट नको, त्यातले तीनच खोके हवेत, अशा वेळी माणूस पट्ट्याने स्वतःला बांधून आठ मीटरवर उभा राहतो आणि हाताने खोके काढतो. बाकीच्यांचं फार सांगण्यासारखं नाही. डिझेलवाले आवारात, कारण आत धूर, बॅटरीवाले आत, स्टॅकर म्हणजे गरिबाचा रीच ट्रक.

हे सगळं जगभर पसरलं ते दुसऱ्या महायुद्धामुळे. अमेरिकेला पॅसिफिकमध्ये हजारो मैलांवर दारूगोळा, डबे, बूट पोचवायचे होते, आणि तेही तिथे उतरवायला ना धक्के ना माणसं. पॅलेट आणि फोर्कलिफ्टची जोडी लष्कराने हजारोंच्या संख्येने उभी केली. नौदलाच्या पुरवठा विभागातल्या नॉर्मन काहनर्स या अधिकाऱ्याने चारही बाजूंनी काटे शिरतील असं पॅलेट बनवलं. त्याआधीच्या पॅलेटला दोनच बाजूंनी दार होतं. चिंचोळ्या जागेत गाडी कुठूनही आली तरी चालेल, ही किती मोठी सोय आहे ते पार्किंगमध्ये अडकलेल्या कुणालाही समजेल.

युद्ध संपलं आणि अमेरिकन सैन्य ऑस्ट्रेलियातून परत गेलं. जाताना त्यांनी क्रेन, फोर्कलिफ्ट आणि पॅलेटांचे ढीग मागे ठेवले. ऑस्ट्रेलियन सरकारने त्या सामानाचा एक सामायिक साठा केला, 'कॉमनवेल्थ हँडलिंग इक्विपमेंट पूल'. आद्याक्षरांवरून 'चेप'. पुढे तो खासगी हातांत गेला, १९५८ मध्ये ब्रँबल्स कंपनीने घेतला, आणि आज जगभर दिसणारी निळी पॅलेटं त्यांची. धंद्याची कल्पना युद्धातल्या उरलेल्या लाकडातून निघाली, पण प्रश्न खरा होता. पॅलेट मालाबरोबर गावाला जातं. ते परत कोण आणणार? पाठवणारा म्हणतो गेलं ते गेलं, घेणारा म्हणतो माझं नाहीच. मग उपाय असा, की पॅलेट कुणाच्याच मालकीचं ठेवायचं नाही; मधली एक संस्था मालक, बाकी सगळे भाड्याने वापरणारे. हा उपाय लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे, अगदी वेगळ्या वेशात.

भारतात फोर्कलिफ्ट बनू लागली ती १९६३ मध्ये, गोदरेजने क्लार्कशी हातमिळवणी करून. म्हणजे ब्युकॅननची ती घरगुती तीनचाकी पंचेचाळीसेक वर्षांनी मुंबईला पोचली. त्याच दशकात त्याच मुंबईत, विक्रोळीपासून फार लांब नाही, मशीद बंदर, दाणाबंदर, भात बाजार या भागात धान्य, मसाला, साखर, सगळं माणसाच्या पाठीवरून चढत-उतरत होतं. पोतं शंभर किलोचं. सातारा जिल्ह्यातल्या पाटण, जावळीतून, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगावातून आलेली माणसं टोळ्या करून हे काम करत. माझे आजोबा, आईचे वडील, त्यांतलेच एक. पाटण तालुक्यातून आले, गावच्याच एका मुकादमाच्या टोळीत लागले.

या कामगारांची अडचण मजुरी कमी एवढीच नव्हती. त्यांना मालक नव्हता. सकाळी या व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी त्या व्यापाऱ्याची वखार, उद्या आणखी तिसराच. ज्याला एक मालक नाही त्याला हजेरीपट नाही. हजेरीपट नाही त्याला फंड नाही, रजा नाही, जखम झाली तर औषधाचे पैसे नाहीत. कारखान्यातल्या कामगारासाठी केलेले कायदे यांच्या डोक्यावरून जात, आणि डोक्यावर आधीच पोतं. अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांची संघटना बांधली, लढे झाले, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला. त्याची रचना मला एक अभियंता म्हणून फार आवडते. प्रत्येक कामगाराला एक मालक शोधून देण्याच्या फंदात कायदा पडला नाही. मध्ये एक मंडळ उभं केलं, त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. व्यापारीही मंडळाकडे नोंदलेला, टोळीही नोंदलेली. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार. माल कुणाचाही असो, हिशेब एका जागी.

म्हणजे पुन्हा तोच पूल. अनेकांच्या कामाचं, पण कुणा एकाचं नसलेलं. म्हणून मधली एक संस्था. ऑस्ट्रेलियाने हे लाकडाच्या चौकटींसाठी केलं, महाराष्ट्राने माणसांसाठी. माझ्या दृष्टीने दुसरं जास्त अवघड आणि जास्त मोलाचं होतं. पॅलेटची ही उपमा मी आजोबांना अजून सांगितलेली नाही. सांगायचा विचारही नाही.

पुढे बाजार १९८० आणि ९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशीला गेला आणि त्याबरोबर माणसं कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीकडे गेली. आजोबांचं घर कोपरखैरण्यातच आहे. त्यांच्या मानेच्या मागे घट्टा आहे, मी लहानपणी त्यावर बोट दाबून बघायचो. माझ्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून गेली. हे भावनिक व्हायला सांगत नाही, हिशेबासाठी सांगतो: शंभर किलोची किती पोती म्हणजे एक सेमिस्टर, हे गणित मांडायचा मी एकदा प्रयत्न केला होता आणि अर्ध्यात कागद फाडला.

मग प्रश्न येतो, की विक्रोळीत फोर्कलिफ्ट बनत असताना ती मशीद बंदरला का आली नाही? सोपं उत्तर म्हणजे 'आपल्याकडे मजूर स्वस्त'. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. दुसरं लाडकं उत्तर म्हणजे 'युनियनने येऊ दिली नाही'. तेही कुठे कुठे खरं असेल. यंत्राने माल उतरवला तरी टोळीला वाराई द्यायची का, यावरून आजही भांडणं होतात, आणि माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे लोक आहेत, हे खऱ्या माथाडी संघटनाच सांगतात. पण युनियन उद्या नाहीशी झाली तरी भात बाजाराच्या गल्लीत काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट शिरली नसती. तिला वळायला चार मीटर हवेत. दुमजली-तिमजली वखारीच्या लाकडी जिन्यावर तिचं काय काम? आणि समजा शिरली, तर उचलणार काय? पोत्याखाली पोकळी नाही. पंजाबातून निघालेला ट्रक फाळक्यापर्यंत पोत्यांनी ठासून येतो. पॅलेटवर रचून आणला तर लाकडाचं वजन आणि जागा जाणार, आणि रिकामं पॅलेट हजार-दीड हजार किलोमीटर परत कोण नेणार? यंत्र विकत घेता येतं. पोकळी विकत घेता येत नाही, कारण ती पाठवणारा, ट्रकवाला, घेणारा अशा सगळ्यांनी एकदम मान्य करावी लागते. एकट्याने केली तर तो फक्त नुकसान सोसतो.

वजनाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट यंत्राविना झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलायच्या भाराची मर्यादा ५५ किलो होती. आपल्याकडे शंभरचं पोतं पन्नासवर यायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि इकडे माथाडींनी त्यासाठी पिढीभर तोंड चालवलं. पोत्याचं माप निम्मं करणं, ही माझ्या मते मालहाताळणीच्या इतिहासातली नोंद घ्यावी अशी सुधारणा आहे. तिला मोटर नाही म्हणून ती कुठल्या यंत्रांच्या इतिहासात सापडत नाही इतकंच.

फोर्कलिफ्टला जी सपाट, उंच, एकमजली जागा हवी होती ती शेवटी शहराबाहेर मिळाली. हे सगळीकडेच झालं. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीनचं 'आयडियल एक्स' हे जहाज अठ्ठावन्न कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलं, आणि त्यानंतर काही दशकांत जुन्या बंदरांलगतच्या बहुमजली वखारी जगभर ओस पडल्या. मुंबईत १९८० साली शंभरी भरलेली प्रिन्सेस डॉक होती, आणि १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा सुरू झालं. भिवंडीला आणखी एक कारण होतं, जकात. मुंबईच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि जकात गेली, पण तोवर नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना निळ्या-करड्या पत्र्यांची गोदामं पार पडघ्यापर्यंत पोचली होती.

आमच्या सॉफ्टवेअरमुळे मला तिथे महिन्यातून एखादी चक्कर असते. रीच ट्रकचा चालक, बहुतेक वेळा बिहार किंवा पूर्व उत्तर प्रदेशातला तरुण, मान मागे टाकून अकरा मीटरवरच्या कप्प्यात एक टनाचं पॅलेट असं सरकवतो, की दोन्ही बाजूंना चार बोटं जागा उरते. त्याच्या हातातल्या स्क्रीनवर आमचा कोड त्याला गल्ली-रॅक-मजला असा पत्ता सांगतो. त्या हालचालीचा मी एक व्हिडिओ काढला होता आणि कोपरखैरण्याला गेल्यावर आजोबांना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. जिभेने 'च्यक' केलं, म्हणजे त्यांना आवडलं होतं. मग विचारलं, "आन् ट्रकातनं खाली कोन काढतं?"

हा प्रश्न आमच्या कुठल्याही डॅशबोर्डवर नाही. उत्तर आहे, माणसंच. कंटेनर दारात लागतो तेव्हा आतले खोके बहुधा सुटेच असतात, कारण पॅलेट घातलं तर जागा जाते. वीस फुटी कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर. युरोपातली ८०० मिलिमीटरची तीन पॅलेटं शेजारीशेजारी लावली तर २.४० लागतात, पाच सेंटिमीटरसाठी जमत नाही. पॅलेट आणि कंटेनर ही विसाव्या शतकातली दोन मोठी मापं एकमेकांना न विचारता ठरली, त्याचा हा परिणाम. त्यामुळे माणसं आत शिरून खोके काढतात, दारातल्या पॅलेटवर रचतात, भोवती प्लास्टिक गुंडाळतात, आणि मग फोर्कलिफ्टचं राज्य सुरू होतं. ते संपतं पलीकडच्या दारात, जिथे पुन्हा खोके सुटे होतात आणि हाताने टेम्पोत चढतात. पंधरा किलोचे हजार खोके धरले तर पंधरा टन. चार माणसं असतील तर प्रत्येकी पावणेचार टन. मेमध्ये, पत्र्याच्या पेटीत. दोन हातांच्या मध्ये एक यंत्र, असं आपलं 'आधुनिक गोदाम' आहे. आमच्या प्रणालीत पॅलेट स्कॅन झाल्यापासून वेळ मोजला जातो. त्याआधीचं सगळं एका रकान्यात जातं, 'अनलोडिंग', एकच आकडा. मी तो रकाना फोडून माणसागणिक टनांमध्ये दाखवावा असा प्रस्ताव दिला आहे. 'ग्राहकाला हे बघायचं नसतं', असं उत्तर आलं. प्रस्ताव मी मागे घेतलेला नाही.

पुढे काय येतंय तेही थोडंफार दिसतं. अॅमेझॉनने २०१२ मध्ये ७७ कोटी ५० लाख डॉलर देऊन किवा नावाची यंत्रमानव बनवणारी कंपनी घेतली. तिचे नारिंगी, बसके यंत्रमानव माल उचलत नाहीत. ते सबंध कपाटाच्या खाली शिरतात आणि कपाटच उचलून माणसाकडे आणतात. त्यासाठी कपाटाखाली जागा सोडलेली असते. आपल्याकडे गुरुग्रामच्या ग्रेऑरेंजने त्याच धर्तीची यंत्रं बनवली. म्हणजे शंभर वर्षांनीही युक्ती तीच, खालून शिरायचं. आणि कपाटातली वस्तू काढून खोक्यात टाकायला शेवटी माणूस उभा.

गेल्या महिन्यात वाशीच्या धान्य बाजारात गेलो होतो. निर्यातीच्या तांदळाचा कंटेनर भरायचं काम चालू होतं. आठ जणांची टोळी, मुकादम दारात वही घेऊन. हाच कंटेनर संध्याकाळी न्हावा-शेव्याला पोचला, की क्रेन तो पंचवीसेक टनांसकट दोनेक मिनिटांत जहाजावर ठेवणार होती. आत थप्पी छताच्या हातभर खाली आली होती, पोती पन्नासची. मी मुकादमाला विचारलं, पॅलेटवर का नाही लावत? त्याने वहीतून मान वर केली. "साहेब, पॅलेट लावलं तर चाळीस कट्टे कमी बसतात. पार्टी ओरडते." मग आत बघून टोळीला म्हणाला, "डावीकडची एक ओळ अजून घ्या रे."